रोजच्या स्विफ्टला ऑटोक्रॉससाठी तयार करताना : आधी वजनाचा हिशोब, मग सस्पेन्शन

प्रश्न थोडक्यात असा आहे : २०१८ ची पेट्रोल स्विफ्ट आठवडाभर कोथरूड ते हिंजवडी धावते. ती डांबरी मैदानावर शंकू मांडून घेतल्या जाणाऱ्या ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे वेळ मोजून होणाऱ्या स्पर्धेत, उतरवायची आहे. गॅरेजवाल्याचा सल्ला आहे की चारही स्प्रिंग कापून गाडी दोन बोटे खाली घ्यावी आणि मागची सीट, आतले पॅनेल वगैरे काढून ती हलकी करावी. हे योग्य आहे का, आणि नसेल तर कोणत्या क्रमाने काय करावे?

स्प्रिंग कापू नयेत, सीट तूर्त जागेवरच ठेवावी, आणि पहिला खर्च टायर व अलाइनमेंटवर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्थात नुसते मत देऊन उपयोग नाही. गॅरेजवाल्याचा सल्ला सर्वस्वी चुकीचाही नाही. गाडी खाली घेतल्याने फायदा होतोच. मात्र तो किती होतो आणि त्याची किंमत काय, हे आकड्यांत पाहिल्यावर क्रम आपोआप ठरतो.

या मॉडेलचे वजन, प्रकारानुसार, रिकामे असताना साधारण ८५५ ते ८८० किलो आहे. चालक धरून गाडी ९४५ किलो भरली आणि ती चाकांवर अशी वाटली गेली असे समजू : पुढचे उजवे ३००, पुढचे डावे २८५, मागचे उजवे १८५, मागचे डावे १७५. म्हणजे ६२ टक्के वजन पुढे आहे आणि चालक उजवीकडे बसत असल्याने उजवी बाजू किंचित जड आहे. आता डाव्या वळणात गाडीने ०.८ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट, इतका आडवा जोर सोसला, तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती भार सरकेल? वजन गुणिले जी गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले चाकोरीची रुंदी, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर. उंची ०.५२ मीटर आणि रुंदी १.५ मीटर धरली, तर उत्तर येते २६२ किलो. या सूत्रात स्प्रिंग कुठेच नाही, शॉकअपही नाही. स्प्रिंग कितीही कडक केल्या तरी एकूण २६२ किलो सरकणारच. त्यातले पुढे किती आणि मागे किती, एवढेच सस्पेन्शनच्या हातात असते.

गाडी दोन बोटे, म्हणजे अंदाजे ३५ मिलिमीटर खाली घेतली, तर हा आकडा सुमारे १८ किलोंनी कमी होतो. आता दुसऱ्या बाजूने पाहू. स्टेपनी, जॅक आणि पाने मिळून १८ किलोंच्या आसपास भरतात. टाकी ३७ लिटरची आहे आणि पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या जवळपास; भरलेल्या टाकीऐवजी १२ लिटर घेऊन गेलात की आणखी साडेअठरा किलो उतरले. मॅट, डिकीतली सटरफटर आणि पार्सल ट्रे धरून ४० किलोंचा आकडा सहज गाठता येतो. हे सामान बहुतांशी गाडीच्या तळाशी असते, त्यामुळे आडव्या भारात त्याचा फायदा वरच्या सूत्राने येणाऱ्या पूर्ण ११ किलोंचा न होता आठ-नऊ किलोंचा होतो. त्याखेरीज १८५/६५ आर १५ ऐवजी १९५/५५ आर १५ टायर घातले, तर चाकाचा व्यास २६ मिलिमीटरने घटतो आणि गाडी सस्पेन्शनला हात न लावता १३ मिलिमीटर खाली येते. त्याचे साडेसहा किलो. बेरीज झाली पंधरा. गॅरेजवाला कटरने जे अठरा किलो मिळवून देणार होता, त्यातले पंधरा किलो गाडीत काहीही न कापता मिळाले, आणि सोमवारी सकाळी चांदणी चौकातून जाताना स्टेपनी पुन्हा डिकीत असेल.

कापलेल्या स्प्रिंगचा तोटा मात्र या हिशोबाच्या बाहेरचा आहे. या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात. गाडी खाली बसली की लोअर आर्मचे चाकाकडचे टोक वर जाते आणि रोल सेंटर, म्हणजे वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली घसरतो. परिणामी गाडीला कलवणाऱ्या बलाची भुजा कमी होण्याऐवजी वाढते. दुसरे म्हणजे, स्ट्रटची हालचाल मुळातच मोजकी असते. त्यातले ३५ मिलिमीटर उभ्या गाडीनेच खाल्ले, तर वळणाच्या मध्यावर बाहेरचा स्ट्रट बंप स्टॉपच्या रबरावर टेकतो. त्या क्षणी त्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम कित्येक पटींनी वाढतो, पुढच्या बाहेरच्या टायरवर भार आदळतो आणि गाडीचे नाक वळण सोडून बाहेरच्या शंकूच्या दिशेने ओढले जाते. चालकाला वाटते टायर खराब आहेत. शिवाय कापलेल्या स्प्रिंगचे टोक खालच्या ताटलीत नीट बसत नाही. कोणी गॅसने तापवून स्प्रिंग बसवली असेल, तर पोलादाचे पाणीच गेलेले असते. गाडी खाली घ्यायचीच असेल, तर त्या गाडीसाठी बनवलेल्या, किंचित कडक आणि कमी उंचीच्या स्प्रिंग घ्याव्यात, २० मिलिमीटरच्या पलीकडे जाऊ नये आणि सोबत आखूड बंप स्टॉप घालावेत. पुण्यातल्या सोसायट्यांच्या दारातले गतिरोधक पाहता याहून खाली गेलेली गाडी रोज तळ घासतच बाहेर पडेल.

मागच्या सीटबद्दल एवढेच सांगतो, की आयोजकांनी दिलेली नियमावली आधी वाचावी. एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट महासंघाच्या मान्यतेने होणाऱ्या स्पर्धांत स्टॉक आणि मॉडिफाइड असे वर्ग केलेले असतील, तर सीट काढल्याने आपली गाडी थेट वरच्या वर्गात जाऊ शकते, आणि तिथे समोर पूर्ण तयारीच्या गाड्या असतात. एसीचा कंप्रेसर काढण्याचा सल्लाही काही जण देतात. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात रोज गाडी चालवणाऱ्याने तो ऐकू नये. डिकीत सबवूफरचा खोका असेल तर मात्र तो सर्वांत आधी उतरवावा. टाकीही अगदी तळ गाठेपर्यंत रिकामी ठेवू नये, कारण लांब वळणात पेट्रोल एका बाजूला सरकले की पंप हवा ओढतो आणि इंजिन ऐन मोक्याला गचके खाते.

टायरकडे वळू. १९५/५५ आर १५ ला किमान साडेपाच इंची रुंदीचे रिम लागते. आपल्या रिमवर कोरलेली रुंदी पाहूनच ऑर्डर द्यावी. या टायरचा भारांक बहुधा ८५ असतो, म्हणजे प्रत्येकी ५१५ किलो, आणि वरच्या उदाहरणात बाहेरच्या पुढच्या चाकावर येणारा कमाल भार त्याच्या आत बसतो. व्यास सुमारे चार टक्क्यांनी घटल्याने गिअरिंग तेवढे आखूड होते, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी अधिक चपळ वाटते आणि स्पीडोमीटर तेवढाच जास्त दाखवतो. रिम साडेपाच इंचांपेक्षा अरुंद असेल, तर मूळ मापाचेच, पण मऊ रबराचे टायर घ्यावेत; अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याची भिंत वळणात दुमडते.

हवेचा दाब हे फुकटातले सर्वांत प्रभावी साधन आहे. चारही चाकांत ३६ पीएसआयने सुरुवात करावी. टायरच्या कडेला, जिथे नक्षी संपून भिंत सुरू होते तिथे, बारीक त्रिकोण कोरलेला असतो. त्या भागावर तीन-चार ठिकाणी खडूच्या आडव्या जाड रेघा ओढाव्यात आणि एक फेरी मारून यावे. खडू त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसला गेला असेल तर दाब बरोबर आहे. त्याच्या खाली भिंतीपर्यंत पुसला असेल तर टायर दुमडतो आहे, एक-दोन पीएसआय वाढवावे. त्रिकोणाच्या बऱ्याच वरच खडू शाबूत राहिला असेल तर हवा काढावी. हा तपास पुढच्या चाकांवर प्रत्येक फेरीनंतर करावा. दुपारी डांबर तापले की दर पाच-सहा अंश सेल्सियसला साधारण एक पीएसआय वाढतो, त्यामुळे सकाळी पेट्रोल पंपावर भरलेली हवा दुपारी तीच राहत नाही. गेज स्वतःचे असावे. दोन पंपांवरची गेज एकमेकांशी जुळली तर आश्चर्य मानावे.

अलाइनमेंटपूर्वी गाडी लिफ्टवर घेऊन लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, स्टॅबिलायझर लिंक आणि स्ट्रटच्या वरचे माउंटिंग तपासावे. सहा-सात वर्षे आपल्या रस्त्यांवर चाललेल्या गाडीत यातले काही ना काही ढिले झालेले असतेच. बुश फाटलेले असताना मशीनवर जुळवलेला टो, म्हणजे वरून पाहता चाकांची तोंडे आत किंवा बाहेर वळलेली असण्याचे माप, ब्रेक दाबताच बदलतो, मग पुढचे सगळे बारकावे व्यर्थ ठरतात. हे सुटे भाग नाना पेठेत एका चकरेत मिळतात. मात्र लोअर आर्म आणि बॉल जॉइंट या दोन वस्तूंत स्वस्ताचा मोह धरू नये.

आता कॅम्बर, म्हणजे समोरून पाहता चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल; वरची कड आत झुकली की तो उणे. गाडी बाहेरच्या बाजूला कलते तेव्हा स्ट्रटवरचे बाहेरचे चाकही तिच्याबरोबर बाहेर झुकते आणि टायर आपल्या बाहेरच्या कडेवर उभा राहतो. खडूची रेघ भिंतीपर्यंत पुसली जाण्याचे निम्मे कारण हेच असते. कंपनीकडून येणारा कॅम्बर शून्याच्या आसपास असतो. तो पुढे उणे दीड ते दोन अंश केला, तर ऑटोक्रॉसमध्ये पकड स्पष्टपणे वाढते आणि रोजच्या वापरात टायरची आतली कड सहन होईल इतपतच झिजते. स्ट्रट आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टपैकी वरच्याच्या जागी विकेंद्री (एक्सेंट्रिक) बोल्ट, म्हणजे बाजारात कॅम्बर बोल्ट म्हणून मिळतो तो, घातला की सव्वा-दीड अंश मिळतो. तो कसल्यावर टायर आणि स्ट्रट यांच्यात बोटभर जागा उरते ना, हे चाक हाताने फिरवून पाहावे.

हे मोजायला दर वेळी मशीनची गरज नाही. सपाट फरशीवर गाडी उभी करून रिमच्या वरच्या कडेसमोर गवंड्याचा ओळंबा सोडावा आणि दोरीपासून रिमच्या वरच्या व खालच्या कडेचे अंतर मिलिमीटरमध्ये घ्यावे. पंधरा इंची रिमच्या कडा एकमेकींपासून ४०० मिलिमीटरच्या आसपास असतात, आणि त्या अंतरात ७ मिलिमीटरचा फरक म्हणजे एक अंश. वरची कड १२ मिलिमीटर आत असेल तर कॅम्बर उणे पावणेदोन. मापे घेताना चालकाच्या सीटवर त्याच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात. अलाइनमेंटच्या दुकानात हे सांगितले की लोक चमत्कारिक नजरेने पाहतात, पाहू द्यावे. कॅम्बर बदलला की टो बदलतोच, म्हणून टो नेहमी शेवटी जुळवावा. पुढे दोन्ही चाके मिळून दोन मिलिमीटर बाहेर ठेवल्यास गाडी शंकूकडे पटकन वळते. महिन्यातून दोनदा द्रुतगती मार्गाने मुंबई गाठायची असेल तर शून्यावर ठेवावा, नाहीतर टायर त्याची वसुली करतील.

यानंतरचा विषय सर्वांत रंजक आहे. २६२ किलोंपैकी मूळ गाडीत ६० टक्के, म्हणजे १५७ किलो, पुढच्या धुरेवर सरकतात असे धरू. तेव्हा डाव्या वळणात पुढच्या बाहेरच्या चाकावर ४५७ किलो येतात आणि आतल्या चाकावर उरतात १२८. इंजिनची ताकद पुढच्या चाकांतून जाते आणि डिफरन्शियल साधे, म्हणजे सहज फिरणाऱ्या चाकाला मोकळे सोडणारे आहे, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की १२८ किलोंचे ते आतले चाक नुसते फिरू लागते. आता मागची बाजू इतकी कडक केली, की मागचे आतले चाक जमिनीवरून सुटण्याच्या बेतात आले. त्या चाकावरचे सगळे १७५ किलो मागच्या धुरेवरच सरकले, म्हणजे पुढे सरकायला उरले ८७. पुढच्या आतल्या चाकावर आता १९८ किलो आहेत आणि बाहेरच्यावर ३८७. पुढच्या दोन्ही टायरांना काम वाटून मिळाले, नाक ओढले जाणे कमी झाले आणि चाक फिरणेही थांबले. स्पर्धेच्या छायाचित्रांत पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्या मागचे आतले चाक कुत्र्यासारखे उचलून वळताना दिसतात, ते या कारणाने.

म्हणूनच स्प्रिंगवर खर्च करायचा झाल्यास पुढच्यापेक्षा मागच्या अधिक कडक घ्याव्यात. मूळ स्प्रिंगच्या तुलनेत मागे २५ ते ३० टक्क्यांची वाढ ही चांगली सुरुवात आहे. दुसरा मार्ग म्हणजे टॉर्शन बीमला (मागची दोन चाके जोडणाऱ्या आडव्या तुळईला) बोल्टने जोडता येणारा अँटिरोल बार, म्हणजे गाडीचे कलणे रोखणारी दांडी. मला हा मार्ग अधिक पसंत आहे, कारण पावसाळ्यापूर्वी तो अर्ध्या तासात काढून ठेवता येतो. मागून कडक केलेली गाडी ओल्या ताम्हिणी घाटात उताराच्या वळणावर ॲक्सिलरेटर सोडताच शेपटी सोडू शकते, म्हणजे तिचा मागचा भाग बाहेर घसरू शकतो. मैदानात जी चपळाई वाटते तीच तिथे जिवावर बेतेल. बार घेण्याआधी मागच्या टायरांत तीन-चार पीएसआय जास्त भरून पाहावे. मागची पकड थोडी घटते आणि गाडी कोणत्या दिशेने बदलणार आहे याचा अंदाज येतो. पुढचा बार जाड करण्याचा सल्ला कोणी दिला तर या गाडीसाठी तो नाकारावा. त्याने पुढे सरकणारा भार वाढतो, आणि आपली अडचण नेमकी तीच आहे.

शॉकअप एकूण भार बदलत नाहीत, पण तो किती वेगाने सरकतो हे ठरवतात. शंकूंच्या रांगेतून सापासारखे जाताना गाडी एका वळणातून सावरण्याआधी दुसरे वळण येते, तिथे जुने शॉकअप गाडीला झुलत ठेवतात. स्प्रिंग कडक केल्या आणि शॉकअप एक लाख किलोमीटर चाललेलेच ठेवले, तर गाडी आधीपेक्षा वाईट वागेल. नवे, गॅस भरलेले, कंपनीच्या मापाचे शॉकअप एवढे पुरेसे आहे. कमीजास्त करता येणारे घेतलेच, तर सर्वांत मऊ स्थितीपासून सुरुवात करावी आणि एका वेळी एकाच धुरेवर बदल करावा.

चारही चाकांवरचे वजन स्वतंत्रपणे मोजण्याबद्दल बरीच उत्सुकता दिसते. महामार्गावरच्या वजनकाट्यावर पुढची चाके चढवून पुढचे आणि मग संपूर्ण गाडीचे वजन कळते. त्याची मापे पाच-दहा किलोंच्या टप्प्यांत असल्याने त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. भुसार किंवा भंगाराच्या व्यापाऱ्यांकडे असतात तसे ५०० किलो क्षमतेचे चार इलेक्ट्रॉनिक काटे मिळाले तर उत्तम. ते चारही एकाच पातळीत हवेत, आणि ती पातळी गवंड्याच्या पाण्याच्या नळीने पाहावी. पाच मिलिमीटरची चूकसुद्धा आकडे बिघडवते. टायरांचा दाब सारखा, हातब्रेक सोडलेला, चालक सीटवर, गाडी दोन-तीनदा दाबून सोडलेली, अशा स्थितीत मापे घ्यावीत.

पुढचे उजवे आणि मागचे डावे यांची बेरीज एकूण वजनाच्या ५० टक्क्यांच्या जवळ हवी. वरच्या उदाहरणात ती ४७५, म्हणजे ५०.३ टक्के आहे. तिला हात लावू नये. त्याच गाडीची मापे ३१२, २७३, १७३ आणि १८७ अशी आली असती, तर पुढचे-मागचे आणि डावे-उजवे प्रमाण अगदी तेच राहूनही ही तिरकी बेरीज ४९९, म्हणजे ५२.८ टक्के झाली असती. अशी गाडी डाव्या वळणात नाक ओढते आणि उजव्या वळणात शेपटी सोडते, आणि मालक वर्षभर अलाइनमेंटवाल्याला दोष देत राहतो. उंची बदलता येणारे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअपचे एकत्र संच) असतील तर स्टॅबिलायझर लिंक सोडवून पुढच्या डाव्या स्प्रिंगची ताटली थोडी वर घ्यावी. तो कोपरा आणि त्याच्यासमोरचा तिरका, मागचा उजवा, जड होतात आणि उरलेले दोन हलके. साध्या स्प्रिंगवर हे करता येत नाही. तिथे एवढा फरक दिसला तर तुटलेली किंवा बसलेली स्प्रिंग शोधावी.

हे सारे डांबरासाठी झाले. आपल्याकडे ऑटोक्रॉस मुरमाच्या मैदानावरही होते, आणि तिथे यातले बरेचसे उलटे करावे लागते. गाडी मूळ उंचीवर, इंजिनखाली जाड सम्प गार्ड, कॅम्बर अर्ध्या अंशाच्या आत, आणि नक्षी खोल असलेला मूळ रुंदीचा टायर, जो मातीत रुतून पकड घेतो. मागचा बार काढून टाकावा, कारण खळग्यांत प्रत्येक चाक सुटे हलले पाहिजे. दोन्ही प्रकारांत उतरायचे असेल तर कॉइलओव्हरचा विचार सोडून मूळ स्प्रिंग, चांगले शॉकअप आणि टायरांचे दोन संच असा बेत करावा.

एक व्यवहाराची बाब राहिली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली आहे. बोल्टने लागणाऱ्या आणि निघणाऱ्या गोष्टींवर मी भर देतो, त्याचे हेही एक कारण आहे. गाडीच्या नेहमीच्या विम्यातही संघटित शर्यत आणि वेगचाचणी यांतले नुकसान वगळलेले असते, म्हणजे मैदानात बंपर फुटला तर खर्च खिशातून. स्पर्धा आटोपल्यावर घरी निघण्यापूर्वी टायरांची हवा रोजच्या मापावर आणावी, चाकांचे नट आणि कॅम्बर बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा पाहावेत, आणि ओळंब्याने कॅम्बर मोजून तो सकाळच्या आकड्यापासून हललेला नाही याची खात्री करावी. हलला असेल तर टोही हललाच असणार, तेव्हा दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाण्याआधी गाडी अलाइनमेंटला न्यावी.